पांढऱ्या मुळीची शिदोरी

जून लागला की अर्धापूरच्या मामांचा फोन ठरलेला. या वर्षी त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की मला हातातलं काम ठेवून खुर्चीत बसावं लागलं.

"अगं, दुकानदार म्हणतोय ह्या बाटलीत बी-वन हाय. केळीला पांढरी मुळी लई सुटती म्हणे. तू बी तिथं रोपांना बाटलीत हेच पाजतीस ना? मग सोडू का ड्रिपमधून?"

मामांचं म्हणणं खोटं नाही. मी नांदेडकडच्या एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बरणीत रोपं वाढवतात तिथं, मीडिया बनवायचं काम करते. मीडिया, म्हणजे माध्यम, हा रोपांचा खुराक: मीठ-क्षार, साखर, ते घट्ट करणारं अगार आणि चिमूटभर जीवनसत्त्वं. जी-नाइन जातीच्या केळीच्या रोपांसाठी बी-वन, म्हणजे थायमिन, मी दर आठवड्याला स्वतःच्या हातानं तोलते. जी गोष्ट मी बरणीतल्या रोपाला देते, ती शेतातल्या केळीला द्यायला "नको" का म्हणते, हे मामांना फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मामांसारखेच आणखी पुष्कळ जण दर हंगामात त्याच दुकानासमोर उभे असतात.

आधी एक साधी गोष्ट. झाडाला जीवनसत्त्वं लागतात, पण ती त्याला कुणी खाऊ घालावी लागत नाहीत. हवा, पाणी, ऊन आणि मातीतले क्षार एवढ्यावर झाड आपल्याला लागणारी सगळी जीवनसत्त्वं स्वतः तयार करतं. आपण भाजी, डाळ, भाकरी खातो ती त्यातला वाटा उचलायलाच. पण "झाड स्वतः बनवतं" म्हणजे झाडाचा नेमका कोणता भाग बनवतो? पान, खोड, मूळ, सगळे आपापलं बनवतात की एक जण रांधतो आणि बाकीचे जेवतात? उभ्या झाडाकडे पाहून हे कधीच कळलं नसतं, कारण तिथं सगळे एकाच घरात राहतात. कोण कमावतं आणि कोण खातं हे पाहायचं तर एकाला घराबाहेर काढावं लागतं. शास्त्रज्ञांनी मुळाला बाहेर काढलं.

ऑस्ट्रियाचे गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये झाडाच्या सुट्या पेशी काचेत वाढवायचा प्रयत्न केला. पेशी जगल्या, पण एकीची दुसरी झाली नाही. पुढे १९२२ मध्ये जर्मनीत वाल्टर कोटे आणि अमेरिकेत विल्यम रॉबिन्स या दोघांनी, एकमेकांना न विचारता, सुट्या पेशीचा नाद सोडून मुळाचं टोक कापून घेतलं. टोकाचा फायदा असा की तिथं पेशी सतत वाढत असतात, त्यांना वाढायला शिकवावं लागत नाही. मका, वाटाणा यांची टोकं साखर आणि क्षारांच्या पाण्यात वाढली. पण काही काळच. टोक कापून नव्या पाण्यात ठेवलं की वाढ आधीपेक्षा कमी, पुन्हा कापलं की आणखी कमी, आणि मग बंद. साखर भरपूर, क्षार भरपूर, तरी मुळी उपाशी.

अमेरिकेचे फिलिप व्हाइट यांनी १९३४ मध्ये टोमॅटोच्या मुळीचं टोक असं वाढवून दाखवलं की ते थांबलंच नाही. दर आठवड्याला टोक कापायचं, नव्या पाण्यात ठेवायचं. पान नाही, खोड नाही, तरी मुळी वाढतच राहिली. त्यांच्या पाण्यात साखर आणि क्षारांशिवाय एक तिसरी वस्तू होती: यीस्टचा अर्क. तोच पाव फुगवणारा यीस्ट. हा अर्क काढला की मुळी थांबायची, घातला की चालायची. अर्कात काहीतरी होतं, पण अर्क म्हणजे शेकडो गोष्टींची खिचडी. त्यातला नेमका कोणता दाणा मुळी शोधते आहे?

उत्तर १९३७ मध्ये आलं, आणि एकाच वर्षी तीन ठिकाणांहून: कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या मुळ्यांवर काम करणारे जेम्स बॉनर, टोमॅटोवर काम करणारे रॉबिन्स आणि त्यांच्या सहकारी बार्टली, आणि स्वतः व्हाइट. तिघांचं बोट एकाच पदार्थाकडे, थायमिनकडे. हा योगायोग म्हणता येणार नाही. थायमिनची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार करणं अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स यांना १९३६ मध्येच जमलं होतं. त्याआधी शुद्ध थायमिन मिळणंच मुश्किल. पदार्थ बाटलीत मिळायला लागला आणि वर्षभरात मुळीनं आपली भूक सांगितली.

हा प्रयोग मी स्वतः एम.एस्सी.ला केला आहे, आणि त्यातली एक गोष्ट वाचून कळत नाही, पाहावीच लागते. टोमॅटोच्या कोवळ्या मुळीचं सेंटिमीटरभर टोक, एका फ्लास्कमध्ये थायमिनसह, दुसऱ्यात थायमिनशिवाय. पहिला आठवडा गेला तरी दोन्ही सारख्याच. मला वाटलं माझी तोलायची चूक झाली. निम्मे फ्लास्क बुरशी लागून आधीच फेकले होते, त्यामुळे जीव आणखी खाली-वर. मॅडम म्हणाल्या, थांब, टोक काप आणि पुन्हा ठेव. दुसऱ्या फेरीत थायमिन नसलेली मुळी रेंगाळली. तिसऱ्या फेरीत ती बोटभरही सरकली नाही, टोक बोथट झालं आणि तशीच राहिली. शेजारच्या फ्लास्कमधली मुळी मात्र दोऱ्यासारखी वळसे घेत होती.

पहिल्या आठवड्यात फरक का नाही? कारण टोक रिकाम्या हातानं आलं नव्हतं. बी रुजतं तेव्हा त्यात आईनं बांधून दिलेली शिदोरी असते. स्टार्च, प्रथिनं यांच्याबरोबर जीवनसत्त्वंही असतात, पान फुटून स्वतःचं रांधायला लागेपर्यंत पुरतील एवढी. फडक्यात बांधून ठेवलेल्या मटकीला अंधारात, पान नसताना मोड येतो तो याच शिदोरीवर. कापलेलं टोक यातला थोडा वाटा घेऊन फ्लास्कमध्ये उतरतं. मुळी वाढते तशा पेशी वाढतात, शिदोरी तेवढीच राहते, प्रत्येकीच्या वाट्याला कमी कमी येतं आणि दोन-तीन फेऱ्यांत संपते. म्हणून या विषयातल्या माणसाला पहिल्या आठवड्याचा निकाल दाखवला तर तो मान डोलावत नाही. "किती फेऱ्या केल्या?" हेच विचारतो.

बीमधल्या याच साठ्यामुळे माणसाला थायमिन सापडलं, हे मला फार जवळचं वाटतं. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान नावाच्या डच डॉक्टरांनी पाहिलं की कोंडा काढलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांच्या पायातलं बळ जातं आणि कोंडा खाऊ घातला की त्या पुन्हा उभ्या राहतात. माणसातला हाच आजार म्हणजे बेरीबेरी. कोंड्यात आणि अंकुरात झाडानं आपल्या पोरासाठी ठेवलेलं थायमिन आपण गिरणीत काढून टाकतो. आइकमान यांना १९२९ चं नोबेल मिळालं. आजारी कोंबडी आणि फ्लास्कमधली थांबलेली मुळी यांची अडचण अक्षरशः एकच आहे, पेशीतल्या एकाच दारावर दोघी अडलेल्या असतात.

ते दार कोणतं, ते जरा नीट पाहू, कारण सगळा विषय तिथंच आहे.

पेशी साखर फोडते तेव्हा एका टप्प्यावर पायरुविक आम्ल तयार होतं. इथपर्यंत थोडीच ऊर्जा हाती लागलेली असते. खरी ऊर्जा मिळते ती हे आम्ल पेशीच्या भट्टीत, म्हणजे तंतुकणिकेत गेल्यावर. भट्टीत जाताना त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक तुकडा तोडावा लागतो, आणि ते काम करणाऱ्या एंझाइमला, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवणाऱ्या प्रथिनाला, थायमिनपासून बनलेला एक छोटा रेणू हाताशी लागतो. थायमिन नसेल तर एंझाइम तिथंच असतं, पायरुविक आम्ल तिथंच साचतं, पण पुढं काही जात नाही. भट्टीच्या आतही आणखी एका टप्प्यावर थायमिन लागतं. डीएनएसाठी लागणारी पाच कार्बनची साखर जुळवणाऱ्या एका एंझाइमलाही तेच लागतं. म्हणजे ऊर्जाही अडली आणि नवी पेशी बांधायचं सामानही अडलं. मुळीच्या टोकावर तर रात्रंदिवस नव्या पेशी बांधायचंच काम चालू असतं, म्हणून फटका सर्वांत आधी टोकाला बसतो.

माझ्या आजीच्या घरी जातं होतं. जात्याचा खुंटा आठवा. दाणे दळले जातात, पीठ पडतं, पण खुंटा दळला जात नाही आणि पिठातही येत नाही. तरी खुंटा नसेल तर दोन मणांचे दगड जागचे हलत नाहीत. थायमिन हा एंझाइमचा खुंटा. साखर म्हणजे दाणे, ते पसा-पसा ओतावे लागतात. खुंटा एकच पुरतो. म्हणून व्हाइट यांच्या माध्यमात लिटरला २० ग्रॅम साखर आणि थायमिन ०.१ मिलिग्रॅम. साखर थायमिनच्या दोन लाख पट. एक ग्रॅम थायमिन दहा हजार लिटर माध्यमाला पुरतं. पहिल्यांदा स्टॉक सोल्युशन, म्हणजे नंतर पातळ करून वापरायचं दाट द्रावण, बनवताना मला हे खरं वाटेना, मी हिशोब तीनदा केला होता.

मग खुंटा झिजत नाही तर सारखा का द्यावा लागतो? मुळी वाढते म्हणून. प्रत्येक नवी पेशी म्हणजे नवं जातं, आणि प्रत्येक जात्याला आपला खुंटा हवा.

थायमिन सापडल्यावर लोकांना वाटलं कोडं सुटलं. पण वाटाण्याच्या मुळ्या थायमिन मिळूनही काही काळानं मंदावायच्या. १९३८ मध्ये ॲडिकॉट आणि बॉनर यांनी दाखवलं की वाटाण्याला निकोटिनिक आम्लही लागतं. तंबाखूशी नावाचं नातं असलं तरी हे तंबाखूतलं विष नव्हे, हे बी-थ्री, नायसिन. पेशीत त्यापासून एक वाहक रेणू बनतो. साखर फोडताना निघणारे इलेक्ट्रॉन हा रेणू उचलतो, पुढं नेऊन टाकतो आणि रिकामा परत येतो. बीड-परळीच्या ऊसतोडीच्या दिवसांत फडातून कारखान्याकडे भरून जाणारी आणि रिकामी परतणारी टायरची बैलगाडी जशी, तसाच. गाड्या कमी पडल्या की तोडलेला ऊस फडातच वाळतो.

नायसिन म्हटलं की मला आपल्या भागाची एक जुनी जखम आठवते. दख्खनमध्ये, ज्वारीवर पोट असलेल्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा नावाचा आजार दिसायचा: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, भ्रम. तो नायसिनच्या कमतरतेचा. हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं, आणि त्यावर पुढं बराच वाद झाला. ज्वारीत दोष शोधायला मी हे सांगत नाही. डाळ-भाजी-दुधाबरोबरची भाकरी उत्तम जेवण आहे. सांगायचं एवढंच की वाटाण्याची कापलेली मुळी आणि शेतमजुराचं शरीर एकाच रेणूसाठी तहानलेलं असू शकतं.

तिसरं जीवनसत्त्व पायरिडॉक्सिन, बी-सिक्स. मातीतून घेतलेला नायट्रोजन एका सांगाड्यावर बसवायचा, तिथून काढून दुसऱ्यावर बसवायचा आणि अशी वेगवेगळी अमिनो आम्लं घडवायची, ही सुतारकी त्याच्या मदतीनं होते.

बॉनर आणि डेव्हिरियन यांनी १९३९ मध्ये चार पिकांच्या मुळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. जवसाच्या मुळीला एकटं थायमिन पुरलं. वाटाणा आणि मुळा यांना थायमिनच्या जोडीला निकोटिनिक आम्ल लागलं. टोमॅटोला थायमिनबरोबर पायरिडॉक्सिन. म्हणजे प्रत्येक घराची वाटणी निराळी. जवसाची मुळी नायसिन आणि बी-सिक्स स्वतः करून घेते, तिला फक्त थायमिन वरून लागतं. आणि याची दुसरी बाजूही लक्षात घ्या: यातल्या कुठल्याच मुळीला क जीवनसत्त्व, रायबोफ्लेविन किंवा बायोटिन द्यावं लागलं नाही. त्यांच्यावाचून पेशी जगत नाहीत, म्हणजे ती मुळी स्वतःच बनवते. मुळी आळशी नाही. दोन-तीन गोष्टींपुरतीच ती दुसऱ्यावर विसंबून आहे.

ती किती विसंबून आहे याचंही मोजमाप निघालं, आणि मला या सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. थायमिनचा रेणू दोन तुकड्यांचा असतो: एक पिरिमिडीन, एक थायाझोल. रॉबिन्स आणि बार्टली यांनी टोमॅटोच्या मुळीला अख्खं थायमिन न देता नुसता थायाझोलचा तुकडा दिला. मुळी वाढली! म्हणजे पिरिमिडीन ती स्वतः बनवत होती आणि दोन्ही तुकडे जोडतही होती. अडलं होतं ते फक्त थायाझोलपाशी. वाटाण्याच्या मुळीला दोन्ही तुकडे द्यावे लागले, पण सुटे दिले तरी चाललं, जोडणी तिनं केली. काचेच्या भांड्यातली दोऱ्याएवढी मुळी, आणि तिला योग्य प्रश्न विचारला तर ती कारखान्यातलं कोणतं यंत्र बंद आहे ते सांगते.

थायाझोल इतकं अवघड का, हे कळायला पुढं कित्येक वर्षं गेली. ते बनवणारं एंझाइम त्यातलं गंधक स्वतःच्याच अंगातून काढून देतं आणि त्यानंतर निकामी होतं. एका रेणूसाठी एक अख्खं एंझाइम खर्ची पडतं. एवढा महागडा व्यवहार झाड मुख्यतः हिरव्या पानांतल्या हरितलवकांत करतं, जिथं उन्हाची कमाई हाताशी असते. अंधारात, मातीत राहणाऱ्या मुळीनं वेगळी चूल मांडण्यापेक्षा पानातून आलेलं खाणं स्वस्त.

कापसाची बियाणं घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं एनएचएच ४४ हे संकरित वाण आपल्याकडे किती चाललं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हायब्रीडमध्ये जोर येतो हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. रॉबिन्स यांनी १९४१ मध्ये टोमॅटोच्या दोन जाती आणि त्यांचं संकर यांच्या कापलेल्या मुळ्या वाढवल्या. एका जातीची मुळी पायरिडॉक्सिन दिलं की जास्त खुलायची, दुसरीची निकोटिनिक आम्लाच्याच एका रूपानं. संकराची मुळी दोघींपेक्षा जास्त वाढली. एकीचं उणं दुसरीनं भरून काढलं. संकरातल्या जोराचं सगळं कोडं यानं सुटत नाही, पण त्याचा एक धागा इथं उघडा दिसतो.

आता मामांच्या प्रश्नाकडे. पान खरंच मुळीला थायमिन पाठवतं का? बॉनर यांनी हे १९४२ मध्ये टोमॅटोच्या अख्ख्या झाडावर तपासलं. पानाच्या देठाला एका जागी वाफेचा चटका देऊन तिथल्या जिवंत पेशी मारल्या. त्यामुळे खालून वर पाणी नेणाऱ्या मृत नळ्या चालू राहिल्या, पण पानातून खाली अन्न नेणारी जिवंत वाट बंद झाली. धाराशिव, लातूरकडचे द्राक्षवाले बांधव हे लगेच ओळखतील: गर्डलिंग करताना वेलीची साल गोल काढून तेही हीच वाट अडवतात, म्हणजे पानातली साखर खाली न जाता घडात थांबते. बॉनर यांच्या टोमॅटोत चटक्याच्या वरच्या बाजूला, पानाकडे, थायमिन साचलं. जुनी, पूर्ण उघडलेली पानं थायमिन बनवतात आणि साखर जाते त्याच वाटेनं ते कोवळ्या पानांकडे आणि मुळांकडे पाठवतात. रांधणारं कोण आणि जेवणारं कोण, ते ठरलं.

मधल्या काळात मात्र एक गडबड होऊन गेली. कापलेल्या मुळीला थायमिन लागतं, ही बातमी अमेरिकेतल्या बागवाल्यांपर्यंत "थायमिन घाला, झाडं फोफावतील" अशी पोचली. चाळीसच्या दशकाच्या तोंडावर तिथं बी-वनची जणू साथ आली. लोक गुलाबाला, कुंड्यांना, लॉनला बी-वन घालू लागले. बॉनर यांच्या स्वतःच्या काही प्रयोगांत सुरुवातीला वाळूत लावलेल्या झाडांना फायदा दिसला होता, त्यानं आगीत तेल पडलं. पुढं ठिकठिकाणी नीट चाचण्या झाल्या तेव्हा तो फायदा टिकला नाही. पानं शाबूत असलेल्या झाडाला थायमिन कमी पडतच नव्हतं. शिवाय मातीतले जिवाणू-बुरशी ही जीवनसत्त्वं बनवतातही आणि समोर आलं तर खाऊनही टाकतात. ड्रिपमधून गेलेल्या थायमिनवर पहिला हात त्यांचाच पडतो. ती साथ तिकडे ओसरली, पण बाटलीवरची ओळ ऐंशी वर्षं उलटून आपल्या दुकानात पोचली.

मग मी बरणीतल्या केळीला, तिला हिरवी पानं असूनही, थायमिन का देते? कारण ती पानं दिसायला पानं असली तरी कमावती नसतात. बरणीत उजेड कमी, हवा कोंडलेली, आणि रोपाला साखर आयतीच मिळते, लिटरला ३० ग्रॅम. आपण बहुतेक जण मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूसाठी बेतलेलं माध्यम वापरतो. त्यातली थायमिन, निकोटिनिक आम्ल आणि पायरिडॉक्सिन ही तीन नावं मुळांच्या त्या जुन्या प्रयोगांतूनच रुळलेली आहेत. १९६५ मध्ये लिन्समायर आणि स्कूग यांनी दाखवलं की तंबाखूच्या पेशींना त्यातलं थायमिन पुरेसं आहे, बाकी दोन नसली तरी चालतं. तरी कोणती जात काय मागेल याचा भरवसा नसतो आणि खर्च नगण्य असतो, म्हणून तिन्ही घालायची पद्धत राहिली. मीही घालते.

रोप बरणीतून बाहेर निघालं की पहिले काही आठवडे हार्डनिंग, म्हणजे बाहेरच्या हवा-उन्हाची सवय लावणं, का लागतं, हेही यात आलं. पानावर मेणाचा थर पातळ, पाणी सोडणारी छिद्रं नीट मिटत नाहीत, अगारात वाढलेल्या मुळीवर केसांसारखे मूलरोम कमी. आधी पॉलिहाउस, मग शेडनेट, हळूहळू ऊन. या दिवसांत नवी पानं येतात, आणि ती खरी पानं असतात. तुमच्या शेतावर टिश्यूचं रोप येतं तेव्हा त्याची चूल पेटलेली असते. आयत्या जीवनसत्त्वांची गरज मागं बरणीतच राहिलेली असते.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, २००५ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी दाखवलं की थायमिन फवारल्यावर भातासारख्या झाडांची रोगाशी लढायची तयारी जागी होते. ते काम खरं आहे, पण ते पानावरच्या फवारणीचं आणि रोगाचं आहे. पांढरी मुळी सुटायचा त्याच्याशी संबंध नाही. दोन, "मुळीच्या" बाटल्यांत थायमिनच्या शेजारी बहुतेक वेळा आणखी काही असतं: ह्युमिक आम्ल, कधी एनएए किंवा आयबीए. ही शेवटची दोन मुळं फुटवणारी संप्रेरकं आहेत, कलमाच्या काडीला लावतात तीच. बाटलीनं काही फरक पडलाच तर तो त्यांचा असू शकतो, आणि नाव मात्र बी-वनचं होतं. लेबल वाचा. त्यावर घटकांचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर ती बाटली मी माझ्या घरच्या शेतात येऊ देणार नाही.

कापलेल्या मुळ्या वाढवणं आज कौतुकापुरतं राहिलेलं नाही. ॲग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजेनिस हा मातीतला जिवाणू आपली काही जनुकं झाडाच्या पेशीत सोडतो आणि तिथून केसाळ मुळ्यांचा झुबका फुटतो. या मुळ्या संप्रेरकांवाचून वाढतात. अश्वगंधेच्या अशा मुळ्यांतून औषधी द्रव्यं मिळवायचं काम चालू आहे, आणि कोरियात जिनसेंगच्या मुळ्या हजारो लिटरच्या टाक्यांत वाढवतात. त्या टाक्यांतही साखरेबरोबर तेच चिमूटभर थायमिन पडतं, कारण तिथं पान नाही.

मामांना मी नाही म्हटलं नाही. त्यांच्या वयाला आणि अनुभवाला नुसतं "नको" शोभत नाही. म्हटलं, घ्यायचीच तर घ्या, पण दोन ओळी कोऱ्या सोडा आणि त्यांच्या पहिल्या झाडाला चिंधी बांधा. त्यांनी तसंच केलं. दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा आम्ही दोघांनी खुरप्यानं बुंध्याजवळची माती हळूच काढली, चिंधीच्या ओळीतल्या तीन झाडांची आणि बाटली दिलेल्या तीन झाडांची. दोन्हीकडे मुळ्या सारख्याच पांढऱ्या, सारख्याच जाड. मामांनी बोटानं मोजून पाहिल्या.

फरक दिसला तो ओढ्याकडच्या कोपऱ्यात. तिथं बाटली गेली होती, पण पाणी साचायचं आणि करपा रोगानं खालची पानं खाऊन टाकली होती. एकेका झाडावर चार-पाचच हिरवी पानं उरलेली. तिथली माती काढली तर मुळ्या आखूड, तांबूस, टोकं काळवंडलेली. मामा तिथं उकिडवे बसून राहिले. एकदा वर पानाकडे बघायचे, एकदा खाली मुळीकडे.

"म्हणजे वरचं रांधणारंच आजारी हाय," ते म्हणाले, आणि करपलेली पानं काढायला त्यांनी पोराला विळा आणायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी चर खोदायला माणूस यायचा होता.